सहा महिन्यांचा साबण

अनसिंगची बैठक मंगळवारी झाली आणि मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची बुधवारी होती. बैठक म्हणजे आमच्या साबणाची. एका घरची बाई ओळखीच्या दहा-पंधरा जणींना बोलावते, मी आणि माझ्या सासूबाई जुनी व्हॅन घेऊन जातो, सगळ्या आमच्या साबणाने हात धुऊन पाहतात, चहा होतो आणि ज्यांना हवा त्या साबण घेतात. जिच्या घरी बैठक, तिला सहा वड्या आमच्याकडून भेट. दिवाळीनंतरचे दोन आठवडे आम्ही असे जिल्हाभर फिरतो.

साबण मी करते, वाशीमला घरामागच्या पत्र्याच्या खोलीत. बोलण्याचं काम सासूबाईंकडे. विमलबाई तीस वर्षं निंदणी-कापणीला गेलेल्या. बायकांच्या रांगेत बसून दिवसभर बोलत राहण्याची त्यांना सवय आहे. मला ते जमत नाही. बैठकीला त्या पहिलं वाक्य नेहमी एकच बोलतात : "हे माही सून धम्मदीपा. बीएस्सी केमिस्ट्री हाय. मले विचारू नका, तिले विचारा."

अनसिंगला शीलाताईंच्या घरी मला विचारणारी एक बाई निघाली. स्वयंपाकातून उठून आलेली, बोटांना हळद होती. साबण लावल्याबरोबर हळद लाल झाली.

"पाह्य वं, केमिकल हाय याच्यात," ती म्हणाली.

मी तिला घरातला नेहमीचा साबण आणायला सांगितला. तो दुसऱ्या हाताला लावला. तोही हात लाल झाला. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानेही तसंच होतं, तेही करून दाखवलं. बायका खूश झाल्या. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हळद मीच शोधून काढली.

नंतर चहाचे कप गोळा करताना शीलाताई म्हणाल्या, "दीपा, हात जरासे चुरचुरून राह्यले माहे."

"सकाळी लसूण सोलला का?"

"सोलला ना. पावभर. लोणच्यासाठी."

"मंग त्याचंच असन."

मी हे इतक्या सहज बोलले, की त्यावर पुन्हा विचार केला नाही. तिथे तीस वड्या गेल्या. व्हॅनमध्ये एकशे साठ उरल्या आणि त्या जवळजवळ सगळ्या तांड्यासाठी होत्या.

तांड्यावरची विक्री आमची वर्षातली सर्वात मोठी. तिथली बावीस जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिकडे मोजणी; म्हणजे बावीस कोयते. गेल्या वर्षी तिथल्या संगीता नावाच्या तरुण बाईने वाशीमच्या बाजारात माझ्याकडून दहा वड्या घेतल्या आणि सोबत नेल्या. उसाच्या पातीने हातांना बारीक चिरा पडतात. दुकानच्या साबणाने त्या झोंबतात, माझ्या साबणाने झोंबल्या नाहीत, एवढं तिने परत आल्यावर सगळ्यांना सांगितलं. म्हणून यंदा अख्ख्या तांड्याने सहा महिन्यांचा साबण एकदम घ्यायचं ठरवलं. ट्रक गुरुवारी सकाळी सहाला येणार होता. एकदा निघाल्यावर एप्रिलपर्यंत त्या परत येणार नव्हत्या, आणि आमची त्यांची गाठही पडणार नव्हती.

बुधवारी दहाच्या सुमारास आम्ही पोचलो. संगीताच्या अंगणात ज्वारीची पोती, गोधड्यांचे गठ्ठे, दोरीने बांधलेल्या बादल्या असं सगळं एका बाजूला रचलेलं होतं. मधल्या मोकळ्या जागेत तिची सासू सोजरबाई बसली होती, समोर उघड्या पिशव्या. ती एकेका पिशवीत बोट घालून चाटत होती. मीठ. गूळ. तिखट. मग एका पिशवीला गाठ मारून ती बाजूला सारत होती.

"याडी काय करून राह्यली?" सासूबाईंनी विचारलं. याडी म्हणजे तांड्यावर आई.

"चाखते," संगीता म्हणाली. "दुकानातून आणलेली हर एक चीज. तिकडं गेल्यावर कोनाले वापस कराची? एका सालाले मिठात रेती निंगाली. सहा महिने दातात कचकच. तवापासून याडीनं चाखल्याबिगर गाडीत काहीच जात नाई."

"कपडे धुवाचा सोडाबी?"

"सोडाबी," सोजरबाई स्वतःच म्हणाली. "निरमाबी. हसू नको. जिभेले सारं समजते."

बायका जमल्या. सासूबाईंनी त्यांचं वाक्य म्हटलं. मी परात मांडली, पाणी ओतलं, वड्या काढल्या. वड्यांवर पांढरी भुकटी होती, ती मी फडक्याने पुसली. अशी थोडी भुकटी कधीकधी येते. या खेपेच्या वड्यांच्या कडाही कापताना तुटल्या होत्या. ऑक्टोबरच्या उन्हाने साबण लवकर वाळला असेल, असं मी समजले होते.

संगीताने पहिली वडी सासूच्या हातात दिली. सोजरबाईने ती उलटसुलट करून पाहिली, हुंगली आणि जिभेचं टोक लावलं. दोन-तीन जणी हसल्या. सोजरबाईने तोंड वाकडं केलं आणि बाजूला थुंकली.

"खार जास्त हाय," ती म्हणाली.

"याडी, साबन खाचा नसते, लावाचा असते," सासूबाई म्हणाल्या, आणि आता सगळ्याच हसल्या.

"मले मालूम हाय कोन्ती चीज खाचीन् कोन्ती लावाची. पापडखार चाटल्यावानी जीभ धरते. गेल्या सालचाबी चाखला होता म्या. त्याले असं नोतं."

अनसिंगसारखंच काहीतरी बोलता आलं असतं. प्रत्येक साबणात खार असतोच, हे खरं होतं आणि सिद्ध करून दाखवण्याजोगं होतं. बायका माझ्याकडेच पाहत होत्या. पण सोजरबाईने दोन वर्षांची तुलना केली होती, आणि तुलनेला असं उत्तर चालत नाही.

मी वडीच्या दुसऱ्या बाजूला जीभ लावली. बारीक सुई टोचावी तसं झालं. टोच गेली आणि मागे कडवट चव राहिली. चांगल्या साबणाची चव नुसती साबणाची असते, तो टोचत नाही. ही तपासणी साबण करणाऱ्या सगळ्या जणी करतात. मी ती करत नव्हते, कारण माझ्याकडे रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या असत. या वेळी पट्ट्या संपल्या होत्या. मागवलेल्या आल्या नव्हत्या आणि साबणाचे सहा आठवडे पूर्ण झाले होते. कृती नेहमीचीच होती. मी तपासलं नाही.

"एक मिनिट," मी म्हणाले आणि व्हॅनकडे गेले.

कृती नेहमीची असेल तर वजनात चूक होती. तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा मी ग्रॅमच्या काट्यावर मोजते, पाणीही. न मोजलेली वस्तू एकच होती : तेल. आमच्या तेलाच्या गिरणीत खोबरेल आणि करडी ठरलेल्या प्रमाणात एकत्र करून पंधरा किलोचा डबा भरून देतात. तो डबा मी पूर्ण ओतते. तीन वर्षांत मी डबा कधी काट्यावर ठेवला नव्हता, कारण गिरणीवाला तो माझ्यासमोर वजन करूनच भरायचा. यंदा भादव्यात गिरणीत मीटरचा पंप बसला आणि डबे आधीच भरून ठेवलेले मिळू लागले.

तोच रिकामा डबा व्हॅनमध्ये होता, पाणी न्यायला घेतलेला. त्यावर चिठ्ठी होती. १५ लिटर. ती चिठ्ठी मी दोन दिवस पाहत होते.

तेल पाण्यापेक्षा हलकं. पंधरा लिटर म्हणजे साधारण तेरा किलो साडेसहाशे ग्रॅम. तेल नऊ टक्के कमी पडलं. कॉस्टिक सगळा खपावा म्हणून मी तीन टक्के तेल मुद्दाम जास्तीचं धरते. राहिले सहा. तेवढ्या तेलाचा कॉस्टिक साबण न होता वड्यांमध्ये तसाच होता.

सासूबाई माझ्यामागे आल्या होत्या. मी त्यांना थोडक्यात सांगितलं.

"म्हंजे खराब हाय?"

"हाताला लावला तर त्वचा कोरडी पडन. चिरलेल्या हाताला लावला तर भाजन."

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. "अजून सहा आठवडे ठेवला तं?"

"थोडा कमी होईन. जाणार नाही. अन् त्या तं उद्या चालल्या."

"मंग सांग," त्या म्हणाल्या. "तूच सांग. माह्या तोंडून कच्चं निंगन."

मी परत जाऊन बसले आणि सांगितलं. सोजरबाईचं बरोबर आहे, माझं चुकलं, तेल कमी पडलं, हा साबण मी देऊ शकत नाही. गठ्ठ्यावर बसलेली धनीबाई म्हणाली, "बीएस्सीले तेल मोजता नाई आलं काय?"

"मोजलंच नाही," मी म्हणाले. "डब्यावर भरोसा ठेवला."

"आन् काल कुठं इकला?"

"अनसिंगले."

"त्याइले सांगतलं?"

मी फोन काढला. सगळ्यांसमोरच लावला, नाहीतर मी तो नंतर लावला असता. शीलाताईंनी लगेच उचलला. मी त्यांना म्हटलं, कालचा साबण कोणालाही वापरू देऊ नका, खार जास्त झाला आहे. हात चुरचुरले ते लसणाने नव्हतं.

"म्या तं काल राती लसनालेच शिव्या देल्ल्या," शीलाताई म्हणाल्या. "दीपा, तुले इचारलं होतं म्या."

"होय. विचारलं होतं."

"कल्पनाच्या घरी सहा महिन्याचं लेकरू हाय. तिनं दोन वड्या नेल्या."

"ताई, तिच्याकडं आता जा. मी थांबते फोनवर."

मी थांबले. चपलांचा आवाज, एक गेट, कुत्रं, मग दोन बायकांचं बोलणं. अंगणातल्या बायका माझा चेहरा पाहत होत्या. मग शीलाताई परत फोनवर आल्या. वड्या कागदातच होत्या. लेकराला घरचं पीठ लावून न्हाऊ घालत होते. "बाकीच्या मी जमा करते," त्या म्हणाल्या. "पन तू ये. फोनवर नोको सांगू लोकाइले."

"संध्याकाळी येते."

मंगरूळपीरची चारची बैठक होती. तीही फोन करून रद्द केली. आता माझ्याजवळ विकायला काही नव्हतं आणि समोर बावीस घरांच्या बायका होत्या, ज्यांनी दुसरा साबण भरला नव्हता.

"मानोऱ्याहून दुकानचा आनून टाकू," कोणीतरी म्हणालं. "आतापरेंत तोच चालला."

"मले नाई चालत," संगीता म्हणाली. तिने दोन्ही तळवे मांडीवर पालथे टाकले. त्यांवर गेल्या हंगामाच्या रेघा अजून होत्या.

सासूबाई परातीतल्या वडीकडे पाहत होत्या. "दीपा, भाजीत मीठ जास्त झालं तं आपन आलू टाकतो. तेल कमी पडलं तं आता टाकता नाई येत?"

"वडी झाल्यावर नाही."

"वडी मोडली तं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मोडता येते. साबण किसायचा, पाणी घालून मंद आचेवर विरघळवायचा, कमी पडलेलं तेल घालायचं आणि ते पुरतं मुरेपर्यंत शिजवायचं. पुस्तकात आहे. एकदा मी दहा वड्यांवर केलंही होतं. एकशे साठ वड्या म्हणजे पंधरा-सोळा किलो. तेवढं मावणारं भांडं आमच्या घरी नाही, म्हणून ते मला सुचलं नव्हतं.

"मोठं भांडं लागन," मी म्हणाले. "पंगतीचं."

दोघी गेल्या आणि एक मोठं पातेलं डोक्यावर घेऊन आल्या. चांगलं चकचकीत, पण जर्मनचं. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. कॉस्टिक ते खातो.

"हे नाही चालणार. लोखंडाचं हवं."

"लोखंडाची कढाई नायकाच्या घरी हाय. घासेल नाई."

"घासू."

नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. कढई आली. तोपर्यंत बायकांनी किसण्या आणि विळ्या बांधलेल्या गठ्ठ्यांतून पुन्हा काढल्या. मी हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधायला लावल्या, नाकाला पदर. किसताना भुकटी उडत होती आणि प्रत्येक जणी आळीपाळीने शिंकत होती.

"उद्याच्याले ऊस तोडाचा, आज साबन किसा," धनीबाई म्हणाली. "हंगाम एक दिवस आधीच चालू झाला."

"तू बीस मिनिटापासून एकच वडी किसून राह्यली."

"बीएस्सी नाई ना मी. हळू समजते मले."

सासूबाई त्यांच्या रांगेत बसल्या होत्या आणि किसता किसता कोणाच्या तरी व्याह्याची गोष्ट सांगत होत्या. मी कागदावर आकडे मांडले. एकशे नव्वद वड्यांना तेराशे पन्नास ग्रॅम तेल कमी, तर एकशे साठला साधारण अकराशे चाळीस. संगीताच्या घरात सोयाबीनचं तेल होतं. ते खोबरेलापेक्षा कमी कॉस्टिक घेतं, म्हणून जास्त लागणार. मी दीड किलो धरलं.

"तेल किती पाह्यजे?" सोजरबाईने विचारलं.

"दीड किलो. काटा आहे का?"

संगीताने प्रवासासाठी भरलेल्या तेलातून काढलं. व्हॅनमधल्या काट्यावर मी आधी रिकामं पातेलं ठेवलं, मग तेच तेल भरून. सोजरबाई शेजारी उभी राहून आकड्याकडे पाहत होती. तिला आकडे वाचता येत नव्हते. "आता बरोबर हाय?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "आनखीन एक डाव ठेव," ती म्हणाली. मी पुन्हा ठेवलं. तेच आलं.

साडेबाराला कढई तीन दगडांवर चढली. जाळ कमी ठेवायचा होता. उकळी आली तर साबण फुगून बाहेर येतो. दोन जणी लाकडी सोट्याने ढवळत होत्या, दर दहा मिनिटांनी पाळी बदलत होती. पहिला तासभर कढईत गुठळ्या आणि पाणी वेगवेगळं होतं. मी तेल एकदम घातलं नाही, पाव-पाव किलो घातलं. सव्वादोनच्या सुमारास तेलाचा तवंग वर दिसेनासा झाला. तीनला सगळं मिळून आलं, घट्ट, किंचित पारदर्शक, उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यासारखं. मी चमच्यावर थोडं काढून गार केलं आणि चाखलं. मग सोजरबाईने चाखलं. ती थुंकली नाही. तिने तोंड पुसलं आणि पुन्हा तिच्या पिशव्यांपाशी जाऊन बसली. मी उरलेलं माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं आणि घड्याळ पाहिलं. अर्धा तास मी त्या हाताने काही केलं नाही. त्वचा लाल झाली नाही.

साचे माझ्याजवळ नव्हते. संगीताच्या नवऱ्याने, राजपालने, टमाट्याची चार लाकडी खोकी आणली. त्यांत खताच्या पोत्यांचं धुतलेलं आतलं प्लास्टिक अंथरलं आणि साबण ओतला. दिसायला तो चांगला नव्हता. वर डोंगर-दऱ्या, कुठेकुठे न विरघळलेले पांढरे ठिपके.

"हे उद्यापरेंत कापता येईन?" राजपालने विचारलं.

"नाही. आठ दिवस लागतील. ओला आहे."

"आठ दिवसांनं तं आमी फडात राहू," संगीता म्हणाली. "सुरी नाई राहत तिथं. कोयत्यानं कापू. बराबर बावीस वाटे पडतीन?"

मी तिला सांगितलं, लांबीत अकरा तुकडे आणि मधून एक काप. प्रत्येक खोक्यातून एकेका घराला एक, असं. ती हसली. "तुमी या कापाले."

साडेचार झाले होते. शीलाताईंकडे जायचं होतं, आणि त्यांच्यानंतर जिच्या घरी लेकरू होतं तिच्याकडे. सासूबाई सगळ्यांचा निरोप घेत होत्या. त्यांच्या पदराला साबणाचा कीस चिकटला होता. मी खोक्यांवर कोळशाने तारीख लिहायला घेतली.

"आकडे नोको लिहू," सोजरबाई म्हणाली. "ही खोकी तिकडंबी माह्यापाशीच राह्यतीन. रोज चाखन मी. म्या सांगतलं की कापतीन."

"अन् जीभ धरली तर?"

"तं तुले फोन करन."

"मी तर इथून काय करणार, याडी?"

"तू काय करशीन ते तुले मालूम. तू फोन उचलजो."

मी उचलेन म्हटलं. तिने संगीताला हाक मारून तिचा मोबाइल आणवला, माझा नंबर त्यात आहे का ते तिला बघायला लावलं, आणि तो एकदा लावायलाही लावला. माझ्या पर्समध्ये फोन वाजला. सोजरबाई माझ्याकडे पाहत राहिली. मी तो काढला, कानाला लावला आणि चार हातांवर बसलेल्या तिला "हॅलो" म्हणाले.

"आता ठीक हाय," ती म्हणाली. "जा."